कौतिका कोणाच्या वाटणीत?

झिंगे साफ करत बसलो होतो आम्ही दोघं. ओट्यावर, मधी जर्मनचा गंज. ती मुंडकं मोडून देत होती, मी पाण्यात खंगाळून गंजात टाकत होतो. धरणाच्या पाण्यातले बारके झिंगे. ढिवरीण सकाळीच टोपलं घेऊन आली होती आणि कौतिकानं तिच्याशी भांडून एक मूठ वरून घेतली होती.

"तुमी धुता, का पोहनं शिकवता त्यायले?" कौतिका म्हणाली. "अर्धे नालीत गेले."

"माहे डोळे कमी झाले."

"डोळे कमी झाले, जीभ नाई झाली. खायच्या टायमाले बरोबर दिसते."

मांजर भिंतीवर बसून होतं. ऊन ओट्याच्या काठाले आलं तशी ती उठली. गंज झाकला, वर दगड ठेवला. "सुई लावून येऊ, मंग चुलीवर टाकू." हात राखेनं घासले. वास जात नाही म्हणून पुन्हा घासले. दवाखान्याच्या लोकायसमोर झिंग्याचा वास नको. धुतलेलं लुगडं नेसली. मी टोपी घातली. निघालो.

ते झिंगे आम्ही खाल्ले नाहीत.

महिन्यातून एकदा आमच्या गावाले एक सरकारी गाडी येते. मनाच्या दुखण्याच्या लोकायले औषध द्यायले. सरकारात तिचं काही लांबलचक नाव आहे. आमच्याकडं तिले डोक्याची गाडी म्हणतात. डोक्याची गाडी आली म्हटलं, का पोरं हसतात. मी नाही हसत. त्या गाडीच्या सुईनं माही बायको मले परत मिळाली होती.

कौतिकाचं दुखणं गाव उठल्यावर सुरू झालं. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. सरकारनं नव्या जागी गाव बसवलं. रस्ते सरळ, विजेचे खांब सरळ, आणि आमची वस्ती पुन्हा तिथंच. नाल्यापल्याड, उताराच्या टोकाले. नकाशा नवा काढला, पण आम्हाले ठेवायची जागा जुनीच काढली. इथं आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात कौतिका सकाळी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन निघाली. जुन्या विहिरीवर पाणी भरायले. विहीर पाण्याखाली. समजावलं तर म्हणे, "चूल पेटवाची हाय, लोक जेवाले याचे हायेत." तिच्या कानात जुनं गाव बोलत होतं. जेवण सुटलं. मग मले ओळखणंही सुटलं. कोणी म्हणालं बाहेरचं लागलं, मांत्रिकाकडं न्या. मी म्हणालो, आम्ही बुद्धाची माणसं, मी दवाखान्यातच नेईन. डॉक्टरनं महिन्याची एक सुई लिहून दिली. गाडीवरच्या सिस्टरनं ती टोचायची.

सुई लागली, का कौतिका महिनाभर माणसात. भांडायची, हसायची, माह्यावर हुकूम सोडायची. सुई चुकली, का जुनं गाव कानात. एवढी साधी गोष्ट. एक सुई. तिच्या एका बाजूले माही बायको होती आणि दुसऱ्या बाजूले धरणाचं पाणी.

त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलात टेबल लागलं होतं. मधी सर बसले होते. सर म्हणजे गाडीवरच्या लोकायचे मुख्य. कोणी कोणत्या गावाले जायचं, कोणते पेशंट पाहायचे, हे तेच वाटून देतात. बाजूले मोठी सिस्टर. पक्क्या नोकरीची, जुनी. तिच्या बाजूले गोळ्या देणारा माणूस. पंखा त्यायच्यावर. गावातले दोन-तीन पेशंट येऊन गेले होते. सर मोबाईल पाहून राहिले होते. मोठी सिस्टर शेंगा फोडून दाणे खात होती. चौथी खुर्ची रिकामी. ती प्रज्ञा सिस्टरची. ठेक्यावरची पोरगी. आमच्या वस्तीचं सगळं तीच पाहायची, कौतिकाले तीच टोचायची.

कौतिका जाऊन स्टुलावर बसली. बाही वर केली. हात पुढं करून बसून राहिली.

मोठी सिस्टर म्हणाली, "प्रज्ञा नाही आज. रजेवर आहे."

"मंग तुमी टोचा, बाई."

"तुमची बाई प्रज्ञाच्या वाटणीत आहे, बाबा. वस्ती तिच्याकडे. गाव माझ्याकडे."

"सुई तर इथंच हाय ना." डबा टेबलावरच होता. शेंगांच्या फोलपटाजवळ.

"सुई असली म्हणून काय झालं? दुसऱ्याच्या वाटणीतलं आज केलं, की उद्या तेच गळ्यात पडतं. पुढच्या महिन्यात या."

मी सरकडं वळलो. हात जोडले. आमचे हात लवकर जुळतात, लहानपणाची सवय आहे. "सायेब, एक सुई चुकली तरी तिचं बिघडते. पुढल्या महिन्याची वाट नाई पाहता येत."

सरनं मोबाईल खाली ठेवला. कौतिकाकडं पाहिलं. तिच्या वर केलेल्या बाहीकडं पाहिलं. म्हणाले, "बाबा, इतकी वर्षं येडी आहे. अजून एक महिना राहिली तर काय फरक पडतो?"

गोळ्या देणारा हसला. मोठी सिस्टर हसली. तोंडात दाणे होते म्हणून हात लावून हसली. बाकावर बसलेला गावातला एक माणूसही हसला. तो स्वतःच्या भावाच्या गोळ्या न्यायले आला होता. तरी हसला.

कौतिका त्या दिवशी येडी नव्हती. हेच या लोकायले समजत नाही. मागच्या सुईचा अंमल होता. तिनं सगळं ऐकलं. समजून ऐकलं. तिनं बाही खाली केली. हळू. तिच्या चुण्या सरळ केल्या. उठली.

"चला," म्हणाली. "काहून उगाच हात जोडता?"

 घरी आल्यावर तिनं झिंग्याचा गंज उचलला आणि मांजरीपुढं उलटा केला.

वाटणी हा शब्द मले नवा नाही. जुन्या गावात कामं वाटलेली होती. मेलेलं ढोर ओढणं आमच्या वाटणीत. पाटलाचा बैल मेला, का सांगावा यायचा. बाप दोर घेऊन निघायचा, मी मागं. काम झाल्यावर गोठ्याबाहेर उभं राहायचं. भाकर वरून पडायची, ती झेलायची. एकदा माह्या हातून सुटली. शेणात पडली. पाटलीण म्हणाली, "उचल. तुमच्यात चालते." मी उचलली. पुसली. खाल्ली. भूक होती. ती चव आजही तोंडात आहे, सत्तरी उलटली तरी.

आमच्या गावाले दीक्षा उशिरा पोचली. बाप दीक्षा घेऊन आला आणि पहिलं काम केलं, दोर चुलीत टाकला. पुढच्या खेपेले पाटलाचा बैल मेला, तेव्हा बाप गेला नाही. कोतवाल दारात आला. "तुम्ही नाही ओढणार तर कोण ओढणार? तुमच्या वाटणीतलं काम आहे." बाप म्हणाला, "ज्याचा बैल त्यानं ओढावा." बैल पडून राहिला. वास गावभर. आमच्या लोकायची मजुरी बंद झाली, दुकानातलं मीठ-तेल बंद झालं. मायनं रानातला पाला शिजवून घातला. शेवटी पाटलाच्याच पोरायनं नाकाले फडकं बांधलं आणि दोर धरला. बाप मले घेऊन बांधावर उभा होता. म्हणाला, "पाह्य. दोर कोनाच्याबी हातात मावते."

मले वाटलं, त्या दिवशी वाटणी संपली. शिकलेल्या लोकायच्या टेबलावर, पंख्याखाली, ती आरामात बसून होती. मले ठाऊक नव्हतं.

पहिला आठवडा बरा गेला. मग कौतिकाची झोप गेली. मग जेवण. मी प्रज्ञा सिस्टरले फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. कौतिकाले एसटीनं तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत धरणाचं पाणी दिसलं, का ती उभी राहून ओरडायची, "उतरवा मले, घर आलं." लोक पाहायचे. कंडक्टर म्हणाला, "आजीले बसवा, नाहीतर दोघंही उतरा." पोचलो तर खोलीले कुलूप. टीम दौऱ्यावर, शिपाई म्हणाला. त्यानं विचारलं, "कोणाची पेशंट?"

मी म्हणालो, "माही बायको व्हय."

"तसं नाही. कोणत्या सिस्टरची?"

नाव सांगितलं. "मग त्या आल्यावरच या," म्हणाला. दुसऱ्यांदा नेतो म्हटलं तर कौतिका एसटीत चढलीच नाही. थांब्याचा खांब धरून बसली. मी ओढलं, तर मले चावली. तिले शेजारणीच्या हवाली करून एकटा गेलो. डॉक्टर म्हणाला, पेशंट पाहिल्याशिवाय मी काय करू, गाडीच्या लोकायले सांगा, ते घरी जाऊन टोचतील. सर बाजूच्या खोलीत होते. त्यायले सांगितलं. उभं राहून सांगितलं, बसा म्हणाले नाहीत. "पाठवतो कोणाला तरी," म्हणाले.

कोणी आलं नाही. मी रोज नाल्याच्या पुलापर्यंत जाऊन रस्ता पाहायचो. गाडी रस्त्यानं जाताना दिसायची. पुढच्या गावाले. रस्त्यावरच्या गावाले.

मी दाराले आतून कडी लावून तिच्या खाटेच्या पायाशी बसून राहायचो. एका सकाळी चुलीले सरपण पाहिजे म्हणून मागं गेलो. चार काटक्या उचलल्या. परत आलो तर खाट रिकामी.

वैशाखात पाणी मागं सरकते. जुन्या गावाच्या चिंचेचं काळं खोड वर येते. त्याच्या डाव्या अंगाले आमचं घर होतं. ती तिकडंच चालत गेली. ढिवराच्या डोंग्यातून तिले आणलं. लुगड्याच्या ओच्यात काडीपेटी निघाली. भिजलेली. चूल पेटवायले निघाली होती ती. जीव द्यायले नाही. पोलिसानं लिहिलं, वेडाच्या भरात. मी म्हणालो, "तसं लिहू नका. सुई नाई भेटली म्हनून मेली, असं लिहा." तो म्हणाला, "बाबा, असं लिहायची जागा नसते." माणूस वाईट नव्हता. पाणी दिलं त्यानं मले.

आमची पोरगी सासरहून, बपेऱ्याहून आली. रडली. "बाबा, माह्याकडं चला," म्हणाली. मी म्हणालो, जा. आता नाही. ती गेली.

मग प्रज्ञा सिस्टर आली. भावाच्या मोटारसायकलवर, मागं बसून. उजवा हात गळ्यात, पलस्तरात. ओट्यावर बसली आणि जिथं कौतिका बसायची त्या जागेकडं पाहत राहिली.

ही पोरगी नवीन आली तेव्हा वस्ती किती खूश झाली होती, ते सांगितलं पाहिजे. त्याच्या आधी मोठी सिस्टर वस्ती पाहायची. पाहायची म्हणजे, पुलावर गाडी उभी करून हॉर्न वाजवायची. पेशंटले आम्ही पुलावर न्यायचं. आमच्या घरचं पाणी तिनं कधी तोंडाले लावलं नाही. मग प्रज्ञा आली. आपली पोरगी. घरात आली, पाटावर बसली, कौतिकानं तिले लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊ घातले, अर्धे बांधून दिले. सगळे म्हणाले, आता बरं झालं, आपल्या वाटणीले आपली पोरगी आली. मले वाटते, सरले आमच्याहून जास्त बरं वाटलं असंल.

"बाबा," ती म्हणाली, "मला झोप लागली होती. कालव्याच्या रस्त्यानं जाताना. स्कूटी चालवता चालवता."

मग एकेक सांगत गेली. तालुक्यातल्या सगळ्या बौद्ध वस्त्या तिच्याकडं. ढिवरायचे मोहल्ले तिच्याकडं. आंबागडाकडच्या जंगलातल्या वाड्या, टोले तिच्याकडं. मोठ्या सिस्टरकडं रस्त्यावरची गावं, आणि तिथं जायले गाडी. गाडी आत जात नाही, म्हणून आतलं सगळं स्कूटीवर.

"सरांना म्हटलं, सगळ्यांत सारखं वाटा. ते म्हणाले, तुझं त्या लोकांत जमतं, तुला मानतात. आधी मला चांगलं वाटायचं, बाबा. घरी येऊन आईला सांगायची, सर माझी तारीफ करतात. मग मिटिंगमध्ये पुन्हा म्हटलं, मला झेपत नाही. तेव्हा म्हणाले, तुमच्याच लोकांचं काम तुम्हाला जड होतं का?"

ती रडायले लागली. डाव्या हातानं डोळे पुसता येत नव्हते नीट.

"मी दवाखान्यातून फोन केला होता सरांना. पडले त्याच दिवशी. म्हटलं, बाकी काही होऊ द्या, कौतिका आजीची सुई चुकवू नका. ते हो म्हणाले."

म्हणजे ठाऊक होतं. बाही वर करून बसलेल्या बाईकडं पाहून तो माणूस तसं बोलला, तेव्हा त्याले ठाऊक होतं.

"रडू नको," मी म्हणालो. "तू नाई मारलं तिले."

कौतिकाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अजून व्हायचा होता. त्याच्या आधीच, गाडीच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, दुपारी, गाडी वस्तीत आली. पहिल्यांदा. पूल ओलांडून. पोरं मागं पळत आली. सर उतरले. शेजाऱ्यानं खुर्ची आणली. ते काठावर टेकले, पूर्ण बसले नाहीत. चहा केला होता, तो नको म्हणाले, ॲसिडिटी होते.

"वाईट झालं, बाबा."

मी तो चहाचा कप उचलून आत ठेवला.

"आता कसं आहे, प्रज्ञा मॅडम काही महिने येणार नाहीत. स्टाफ कमी. वरून माणूस मिळत नाही. वस्तीचं काम कोणाकडे तरी द्यावं लागेल." रुमालानं कपाळ पुसलं. "मी तुमचं नाव काढलं. तुम्ही इथलेच. लोक तुमचं ऐकतात. इतकी वर्षं घरी पेशंट सांभाळलाय, तुम्हाला अनुभव आहे. काही नाही, गाडीच्या दिवशी वस्तीतले पेशंट गोळा करायचे आणि पुलावर आणायचे. जो येत नाही त्याला धरून आणायचं. सिस्टर गाडीतूनच टोचतील."

मी म्हणालो, "आत नाई येत का त्या?"

"त्यांच्याकडे आधीच खूप लोड आहे, बाबा." मग मान खाली घालून, अगदी मायेनं बोलल्यासारखे बोलले, "आणि तुम्ही आता मोकळेच आहात."

मोकळा.

खाट मोकळी. चूल मोकळी. ओटा मोकळा. हो, मी मोकळा होतो. तिच्या मरणानं माहे हात रिकामे झाले, आणि या माणसानं रिकामे हात मोजले. त्यात घालायले काम घेऊन आला. मले वाटलं, खुर्चीसकट उचलून नाल्यात फेकावं. अंगात ताकद नाही. अंगात काहीच नव्हतं. त्या दिवसांत मी सकाळी कशाले उठायचो, हे मले सांगता आलं नसतं. डोंग्यावाल्यानं मलेही तिकडंच सोडावं, चिंचेजवळ, असं रोज वाटायचं. सर बोलत होते तेव्हाही तेच वाटत होतं.

आणि मग मले बापाचा दोर दिसला. चुलीत जळताना. खरंच दिसला.

"सायेब," मी म्हणालो, "माह्या बापानं जाळलेला दोर व्हय हा. मी नाई धरत."

"कसला दोर? मी सेवेचं काम सांगतोय, बाबा."

"माह्या बापालेबी असंच सांगे गाव."

त्यायले समजलं नाही. वस्तीले समजलं. पंचफुला, जिचं बोलणं नवऱ्यामागं बंद झालं आणि जी फक्त प्रज्ञाच्या सुईनं दोन घास खायची, ती दारात उभी होती. तिनं पदर खोचला. सर उठले. "विचार करा," म्हणाले. "तुमच्याच लोकांचं नुकसान होईल." गाडी पूल ओलांडून गेली.

सकाळी मी उठलो. किती दिवसांनी, कशासाठी तरी उठलो. तो जर्मनचा गंज तसाच पडला होता, मांजरीनं चाटलेला. तो घासला. पाणी तापवून आंघोळ केली. टोपी घातली.

पंचफुलाच्या घरी गेलो. मग रघुनाथच्या. रघुनाथ धडधाकट माणूस, त्याचीही सुई चुकलेली, म्हणून भावानं त्याले खांबाले बांधून ठेवलेलं. मी त्याच्यासमोर बसलो. "रघू, सुई लावाले चालतं का? जबरदस्ती नाई." त्यानं खूप वेळ पाहिलं. म्हणाला, "बुढी कुठं हाय तुमची?" मी म्हणालो, "पान्यात गेली." तो म्हणाला, "मंग चला." भावानं दोर सोडला. पुलावर आम्ही थांबलो नाही. पूल ओलांडला. मागं वस्तीतल्या बाया, माणसं निघाली. मी बोलावलं नव्हतं.

हॉलात तेच टेबल, तोच पंखा. मी पंचफुलाले स्टुलावर बसवलं.

मोठी सिस्टर म्हणाली, "हे माझ्या वाटणीत नाहीत, बाबा. सरांनी तुम्हाला काल सांगितलं ना?"

"तुमी टोचता का नाई, एवढं सांगा."

तिनं सरकडं पाहिलं. सर म्हणाले, "पुलावर घेऊन जा सगळ्यांना. निघताना बघू."

मी बाहेर आलो. गाडी हॉलासमोर उभी होती. मी तिच्या पुढच्या चाकापुढं गेलो आणि आडवा झालो. टोपी काढून डोक्याखाली घेतली. माती तापली होती. वर पाहिलं तर गाडीचं पोट दिसत होतं, तेलकट. ड्रायव्हर पोरगा धावत आला. "आजोबा, काहून माही नोकरी खाता? उठा ना." मी म्हणालो, "तू बस बाबू सावलीत. आज तुले आराम." लोक हसले. तो पण हसला आणि खरंच जाऊन बसला.

सर आले. "बाबा, तमाशा नको."

"आधी सुया."

"पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा. मले ओळखतात ते. आताच तर आले होते घरी."

उन्हाची वेळ झाली. कोणी हललं नाही. गावातलेही जमले. त्या दिवशी बाकावर बसून हसला होता तो माणूसही होता, आज हसत नव्हता. मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मोठी सिस्टर दारात आली. कोणाकडं न पाहता म्हणाली, "पहिलं कोण?"

पंचफुला आत गेली. मग रघुनाथ. मी पडल्या पडल्या दारातून पाहत होतो. बाही वर. कापूस. सुई. कापूस. झालं. एवढंच काम. तोच डबा, तेच टेबल, तेच हात. कोणाचं काही झिजलं नाही. कौतिकाले याच्याहून जास्त काही नको होतं. मी तोंडावर टोपी घेतली. मले बरं वाटलं नाही. कोणी म्हणालं, जिंकलात बाबा. काय जिंकलो? चिंचेचं खोड अजून पाण्याबाहेर आहे.

सर चाकाशी येऊन उभे राहिले. "झालं ना मनासारखं? उठा आता. आम्हाला पुढच्या गावाला जायचंय."

"पुढल्या महिन्याचं सांगा. वस्ती कोनाच्या वाटनीत?"

"ते वर ठरतं."

"तुमीच ठरवता. प्रज्ञा सांगून गेली मले."

सरनं घड्याळात पाहिलं.

मी टोपी पुन्हा डोक्याखाली घेतली. पाठ मातीले नीट टेकवली. "सगळ्यायची वाटनी सारखी होईवरी मी दर महिन्याले इथं निजीन. मोकळाच हाव. गाडी काढाची असंल तर मले उचलून बाजूले ठेवा. पन आधी तुमच्यात ठरवा, सायेब. मले उचलनं कोनाच्या वाटनीत येते."